घाई असेल तर ब्लँकेट घ्या

भागामामींनी मला पहिली शिवी दिली ती मी दोरा दातानं तोडला म्हणून. लग्न होऊन मी दौंडला आले त्याला आठवडाही झाला नव्हता. रेल्वे कॉलनीच्या मागच्या गल्लीत आम्हाला दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या होत्या आणि मामींचं घर अगदी भिंतीला भिंत लागून होतं. त्यांच्या पडवीत गोधडी अंथरलेली होती, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवलेले, आणि एका कडेला मामी टाके घालत बसलेल्या. शेजाऱ्यांची ओळख व्हावी, नवी सून कामसू दिसावी, एवढ्याच हेतूनं मी सुई मागून घेतली. दहा-बारा टाके घातले आणि सवयीनं दोरा दातात धरला.

“सटवे, दात भाकरीला दिल्यात देवानं!” मामी कडाडल्या. “कात्री दिसत न्हाई व्हय? तुजा उष्टा दोरा कुणाच्या तोंडावर पांघरायचा?”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मामींनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. माझे टाके एकेक करून उसवले, दोरा बोटाला गुंडाळून बाजूला ठेवला आणि विचारलं, “कुठली गं तू?”

“शिरूरची.”

“म्हंजी घोडनदीकाठची! तरीच घोडं दामटतीस.”

त्या दिवसापासून त्या गल्लीत माझं नाव घोडनदी पडलं, ते आम्ही दौंड सोडेपर्यंत. खरं तर मी रागवायला हवं होतं, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसले.

आता राग येतो तो वेगळ्याच गोष्टींचा. हल्ली गोधडीला फार चांगले दिवस आलेत. पुण्यातल्या दुकानांत ती काचेमागं टांगलेली दिसते, खाली सुबक कार्ड असतं, त्यावर आजीची माया, आजीची ऊब असलं काहीतरी छापलेलं असतं आणि त्याखाली ‘दोन दिवसांत घरपोच’. आजीची माया, आणि दोन दिवसांत! मी एकदा दुकानातल्या मुलीला विचारलं, “ही कुणाच्या लुगड्याची आहे?” ती म्हणाली, “मॅडम, सगळं फ्रेश कॉटन आहे.” नवं कापड फाडायचं, जुनं दिसावं म्हणून धुवायचं, आणि वर माया छापायची. मामी असत्या तर त्या दुकानात काय बोलल्या असत्या ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मामी अंगानं किडकिडीत होत्या. चष्म्याची एक काडी तुटली होती, तिथं सुतळी बांधून त्यांनी ती कानामागं अडकवलेली. आवाज मात्र असा, की यार्डातल्या इंजिनाच्या शिट्टीवर चढायचा. मामा रेल्वेत पॉइंट्समन होते, गाड्यांचे सांधे बदलायचं काम. फार शांत माणूस. “डूटीवर गाडी माजं ऐकती, घरात म्या हिचं ऐकतो,” असं म्हणायचे आणि चहाचा कप घेऊन ओट्यावर जाऊन बसायचे.

मामींच्या कामाला एक शिस्त होती आणि ती मोडलेली त्यांना खपत नसे. गोधडी शिवायला देणाऱ्या घरानं आपले जुने कपडे गठुड्यात बांधून आणायचे, आणि गठुडं बांधायचं तेही त्याच घरच्या कापडात. आणणारीला समोर बसवून मामी एकेक कापड उलगडायच्या आणि विचारायच्या, हे कुणाचं, माणूस हाय का गेलं. गेलेल्या माणसाचं कापड आतल्या अंगाला घालायचं, पांघरणाऱ्याच्या गालाला लागेल असं. दिसायला छान असेल ते बाहेर. आणि एका वेळी एकच गठुडं सोडायचं. त्याची गोधडी पुरी होऊन उरलेल्या चिंध्यासुद्धा परत त्यातच बांधून झाल्याशिवाय दुसऱ्या गठुड्याची गाठ सुटत नसे.

“मानसं मिसळत्यात, मिसळू द्या,” त्या म्हणायच्या. “कापडं मिसळली का मग कोण कुणाच्या आईला पांघरून झोपलंय ते कळत न्हाई.”

या पद्धतीला वेळ लागायचा. गिऱ्हाइकं वैतागायची, आणि ती वैतागली की मामींना चेव यायचा. वरवंडच्या एका बड्या बागायतदाराची बायको एकदा जीप घेऊन आली. नवरा पुढारी, त्यामुळं बाईंना थांबायची सवय नव्हती. लेकीचं लग्न आठवड्यावर आलंय, रुखवतात मांडायला गोधडी पाहिजे, रात्रंदिवस बसा पण द्या, असं तिनं उभ्या उभ्याच सांगितलं.

मामींनी मान वर केली नाही. “घाई असंल तर ब्लँकेट घ्या. ठेसनाम्होरं ढीग लागल्यात.”

“अवं, आमी काय फुकट मागतोय का?”

“मी तरी फुकट कुठं सांगतीया? ब्लँकेटाला बी पैसं पडत्यात.”

जीप धुरळा उडवत गेली. मामा ओट्यावरून म्हणाले, “म्होरल्या वेळी मतं मागायला आली का आपल्या घरावरनं वळसा घालून जात्याली.” मामी म्हणाल्या, “बरं व्हईल.”

आणि सुया! त्यांची सुयांची एक गादी होती, आत केसांचा गुंतवळ भरलेली, सुई गंजू नये म्हणून. बसताना सुया मोजून काढायच्या आणि उठताना मोजून खोचायच्या. एका दुपारी गल्लीतल्या बायका गप्पा मारत टाके घालायला बसल्या होत्या, त्यात एकीची पाटसची नणंदही होती. उठायच्या वेळी एक सुई कमी भरली. मामी सरळ जाऊन दारात बसल्या. नणंदेची एस.टी. सुटायला आली होती. ती म्हणाली, एका सुईसाठी काय हा छळ, मी नवी आणून देते. मामी म्हणाल्या, “नवी आणशील गं. पर ही आत ऱ्हायली, आन् बारकं पोर त्यावर निजलं, तर दुसरं पोर आनून देशील का?” दोन्ही बाजू हातानं चाचपत सगळी गोधडी पालथी घातली. शेवटी सुई सापडली ती नणंदेच्याच पदरात खोचलेली. एस.टी. गेली ती गेलीच. नणंद रात्री मामींकडेच जेवली, आणि जेवताना दोघी त्या सुईवरून पुन्हा भांडल्या.

अशा बाईच्या घरात नंतर बचत गट शिरला. मी गटाला नावं ठेवत नाही, कितीतरी बायका त्यातून उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. मामींची सून सुनंदा गटाची अध्यक्ष झाली होती. पोरगी हुशार, मनानं सरळ, घरात सगळ्यांचं करून दमलेली. गटांचा माल शहरात विकून देणाऱ्या एक ताई तिला भेटल्या. पुण्यात प्रदर्शन होतं, तिथं गोधड्या लावायच्या होत्या, आणि हातात अगदी थोडे दिवस होते. मामींनी अर्थातच ब्लँकेटांकडं बोट दाखवलं. पण सुनंदा पायाशी बसून म्हणाली, “आत्याबाई, मला आजवर कुणी काय इचारलं न्हाई. पयल्यांदाच कुणीतरी इचारतंय.” मामी बराच वेळ चष्मा पुसत बसल्या. मग म्हणाल्या, “एकदाच.”

त्या वेळी मामींच्या हातात रंगूचं गठुडं होतं. रंगू भांडगावची. तिचं माहेर मेंढरं घेऊन रानोरान फिरणारं, सगळा संसार घोड्याच्या पाठीवर. आता भाऊ जमिनीवर स्थिरावले होते, आई मात्र वाटेवरच गेली होती. तिच्या मागं उरलं काय, तर झिजून थोडंच उरलेलं एक हिरवं लुगडं. रंगू आणि तिची भावंडं त्याच लुगड्याच्या झोळीत, आईच्या पाठीवर वाढलेली. रंगूची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि त्या बाळाला पणजीच्या लुगड्याची गोधडी हवी होती. रंगूनं गठुडं देताना दुसरं काही सांगितलं नाही, फक्त म्हणाली, “मामी, आईचं म्हनून एवढंच हाय.”

ते गठुडं सोडलेलं असतानाच पडवीत गटाच्या बायका बसल्या. भांडीवालीकडून आणलेल्या जुन्या साड्यांचे ढीग आले. मामींनी रंगूचं कापड घडी करून बाजूला ठेवलं खरं, पण गाठ बांधली नाही, कारण काम अर्धं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या पडवीत एक गठुडं उघडं असताना दुसरं सुटलं. ताई मधूनमधून येत, टाळ्या वाजवत. “चला चला मैत्रिणींनो, पटापट!” मामींना मैत्रीण म्हणणारी त्या बाईंइतकी धीट मी दुसरी पाहिली नाही. प्रदर्शनाच्या मोठ्या गोधडीपुढं उभ्या राहून त्या म्हणाल्या, “मामी, मध्ये उठाव नाही येत. इथं काहीतरी छान हिरवं टाका ना. आत्ताच्या आत्ता, टेम्पो थांबलाय.”

मामींनी हात मागं नेला, हिरवं हाताला लागलं, कात्री चालवून तुकडे केले आणि मध्ये टाचले. हे सगळं माझ्यासमोर झालं आणि मला कळलं नाही, तिथं बसलेल्या कुणालाच कळलं नाही. बायका बोलत होत्या, टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी, मामी पडवी आवरायला बसल्या तेव्हा. मी विहिरीवरून येत होते. मामींनी रंगूचं गठुडं बांधलं, उचललं, आणि परत खाली ठेवलं.

“घोडनदी, हे हलकं लागतंय,” त्या म्हणाल्या.

मग आम्ही दोघींनी सगळी पडवी उलटी केली. लुगड्याचा काठाकडचा एक फाटका पट्टा तेवढा चिंध्यांत निघाला. सुनंदा रडायला लागली, म्हणाली, कुणीतरी बाईनं चुकून उचललं असेल. मामी म्हणाल्या, “कुणी न्हाई. म्या कापलं. माज्या हाताला आत्ता याद येतीया.”

आता इथून पुढचं लिहिताना मला आजही राग येतो. गटातल्या बायका जमल्या आणि एकेक शहाणपण सांगू लागल्या. एक म्हणाली, भांडीवालीकडं हिरवी लुगडी पुष्कळ आहेत. दुसरी म्हणाली, रंगूला काय कळतंय, धुतलं की सगळं सारखंच. सुनंदानं ताईंना फोन लावला तर ताईही तेच म्हणाल्या, वर म्हणाल्या की मी चांगलं नवंच घेऊन देते, रंगूताई खूशच होतील. या सगळ्या चांगल्या बायका होत्या. प्रत्येकीची आई होती, कित्येकींची गेलेली होती. आणि एकीलाही आपण काय बोलतो आहोत याची लाज वाटली नाही. मला अजून ते माफ करता येत नाही.

मामी सगळ्यांचं ऐकून घेत होत्या. मग उठल्या आणि म्हणाल्या, “माज्या पडवीतनं उठा समद्या.”

त्याच दिवशी त्या भांडगावला गेल्या, आधी रंगूला सांगायला. सोबत मी होते. रंगू अंगणात बाजरी पाखडत होती. मामींनी उभ्या उभ्याच सांगितलं, काही मागंपुढं न करता. रंगूनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तिनं सूप खाली ठेवलं आणि एवढंच विचारलं, “तुमच्या हातनं?”

“व्हय, माज्याच.”

रंगू सूप उचलून घरात गेली. आम्हाला कुणी पाणी विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या शटलनं आम्ही पुण्याला गेलो. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये ती गोधडी समोरच्याच भिंतीवर लटकवलेली होती आणि तिच्या मधोमध ते हिरवं. ताई हसत पुढं आल्या. मामींनी काय हवंय ते सांगितल्यावर हसू गेलं. “अहो, ती बुक झालीय. आणि संध्याकाळी पाहुणे यायचेत. प्रदर्शन संपल्यावर बघू ना!” मामींनी स्टूल ओढलं, त्यावर चढल्या, गोधडी काढली, खाली जमिनीवर अंथरली, चार कोपऱ्यांवर टेबलावरच्या मातीच्या पणत्या ठेवल्या आणि टाके उसवायला बसल्या.

“मामी, मग सगळीच घेऊन जा, पण इथं हे नको!” ताई दबक्या आवाजात म्हणाल्या.

“सगळी माजी न्हाई. बाकीची कापडं दुसऱ्यांची हायती.”

“निदान लवकर तरी करा!”

“घाईनं घातलंय,” मामी म्हणाल्या, “आता घाईनं काढू?”

जुनं कापड, ओढलं की फाटणार. त्या सुईच्या टोकानं एकेक टाका उचलत होत्या, दोरा कापत होत्या, कापडाखाली बोट घालून ते मोकळं करत होत्या. आणि मग जे झालं ते पाहून मला हसावं की कुणाला तरी धरून मारावं ते कळेना. लोक गोळा झाले. त्यांना वाटलं, गोधडी कशी शिवतात ते ही आजीबाई करून दाखवतेय. “अय्या, किती शांतपणे करतात ना!” एक जण मुलीला सांगत होता, “बघ, ही आपली परंपरा.” कुणीतरी फोटो काढला. परंपरा उसवत होती, साहेब! तुमच्याच घाईपायी शिवलेलं एक म्हातारी तुमच्या पायाशी बसून उसवत होती, आणि तुम्हाला टाका घालणं आणि टाका काढणं यातला फरक दिसत नव्हता. मी हे मोठ्यानं म्हणाले. मामींनी माझी साडी खाली ओढली. “गप बस. हात हलतो माजा.”

दुपार कलली तेव्हा ते हिरवं मोकळं झालं. तीन तुकडे होते. मामींनी राहिलेल्या गोधडीचे उघडे पडलेले भाग टाचून दिले, आपल्या सुया मोजल्या, आणि आम्ही स्टेशनवर आलो.

त्यानंतर मामींनी फडताळातली बाकीची सगळी गठुडी ज्यांची त्यांना परत पाठवली. समोर फक्त रंगूचं राहिलं. आता तरी भरभर करा, असं गल्लीतली प्रत्येक बाई सांगून जायची, कारण रंगूच्या लेकीचे दिवस भरत आले होते. मामी सकाळचं ऊन पडवीत असेपर्यंत शिवायच्या आणि ऊन गेलं की घडी घालायच्या. बाळ झालं. गोधडी झाली नव्हती. बारसं झालं, तरी नाही. लेक बाळाला घेऊन सासरी गेली. रंगू एकदाही दौंडला आली नाही, निरोप नाही की चौकशी नाही. मामा एकदा भीत भीत म्हणाले, “अगं, पोरगं रांगाया लागलं आसंल.”

“मग चालाया लागल्यावर पांघरंल,” मामी म्हणाल्या.

गोधडी झाली तेव्हा सुनंदानं भांडगावला निरोप पाठवला. रंगू येईल असं आम्हाला कुणालाच वाटत नव्हतं. मामी मात्र सकाळपासून पडवी झाडून बसल्या होत्या. दुपारी रंगू आली, लेक आणि नातू घेऊन. भिंतीला टेकून बसली.

मामींनी गोधडी आतल्या अंगानं वर अंथरली. हिरव्या लुगड्याचे तिन्ही तुकडे एकमेकांना जोडलेले होते, आणि प्रत्येक जोड लाल दोऱ्यानं शिवलेला होता. हिरव्यावर लालभडक. सुनंदा कळवळून म्हणाली, “आत्याबाई, हिरवा दोरा व्हता की घरात. दिसलं बी नसतं.”

“दिसाया पायजे,” मामी म्हणाल्या. मग रंगूकडं वळून एकेका जोडावर बोट ठेवत गेल्या. “हितं म्या कापलं. हितं बी. आन् हितं काढताना थोडं इरलं. लपिवलेलं न्हाई काय. घ्यायची तर घे, न्हाईतर टाकून जा.”

रंगू पुढं सरकली. तिनं त्या लाल टाक्यांवरून अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि पुन्हा मागं.

“आई बी आशीच शिवायची,” ती म्हणाली. “रानात त्याच रंगाचा दोरा कुठनं आनायचा? घावंल त्यानं शिवायची.”

मामींनी चष्मा काढला. रंगूच्या लेकीनं बाळाला गोधडीवर ठेवलं. ते जरा वेळ लाल दोऱ्याशी खेळलं आणि त्याच हिरव्यावर गाल टेकून झोपी गेलं.

आमची बदली त्याच महिन्यात झाली. मामींना नंतर मी पाहिलं नाही, म्हणून ती दुपारच माझ्याकडं आहे. उन्हं उतरली तसं रंगूची लेक घड्याळ बघायला लागली, म्हणाली, “आये, उचलते आता याला. शेवटची एस.टी. जाईल.”

“हात लावू नगं,” मामी म्हणाल्या. त्यांनी रंगूच्या शेजारी भिंतीला पाठ टेकली, आणि पदरानं बाळावरच्या माश्या हाकत राहिल्या. “निजू दे पुरतं. एस.टी. उद्या बी हाय.”